मोजे कोरडे ठेवायला माणसं किती लागतात? खंदकातल्या आरोग्याचा हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पणजोबा 110व्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते, पहिल्या महायुद्धात लामावर, म्हणजे लढाईच्या आघाडीवर, गेले आणि मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात सापडले. परतले तेव्हा तोंडात दात उरले नव्हते. खंदकात माणसं गोळीपेक्षा आजारानेच जास्त खचली, असं घरात सांगतात. पाय कोरडे ठेवा, पाणी शुद्ध करा, हिरवं काहीतरी खायला द्या, एवढं तर तेव्हाही ठाऊक होतं. मग अधिकारी काय करत होते?

क्षेत्र-आरोग्य हा माझा रोजचा विषय आहे आणि हा प्रश्न शिकायला येणारे तरुण अधिकारीही हमखास विचारतात. त्यात ‘ठाऊक होतं’ हा भाग अर्धाच खरा आहे. जीवनसत्त्वांची उकल अजून व्हायची होती. खंदकतापाचं मूळ उवांमध्ये आहे हे 1918 साली पक्कं सिद्ध झालं. पण पाय, पाणी आणि संडास यांबद्दलचं ज्ञान पुरेसं होतं. अडचण होती ती अंमलबजावणीची. खंदकात आरोग्याचा प्रत्येक नियम म्हणजे रात्रीच्या अंधारात कुणाच्या तरी पाठीवरचं ओझं, आणि ती पाठ त्याच रात्री पहाऱ्यालाही हवी असते. त्यामुळे डॉक्टरचा सल्ला बरोबर असूनही पलटणीच्या कमांडरला तो परवडत नाही, असं सर्रास घडतं.

‘गोळीपेक्षा आजार’ हे आघाडीवर अवलंबून आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात (1899-1902) ब्रिटिशांचे सुमारे 22 हजार सैनिक मेले, त्यांतले जवळपास दोन तृतीयांश आजाराने, आणि त्यात विषमज्वराने आठ हजारांवर. पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर हे चित्र उलटलं. लस आणि पाण्याची शिस्त यांमुळे विषमज्वर आटोक्यात राहिला आणि तोफांनी जास्त माणसं मारली. गॅलिपोलीच्या तुर्की द्वीपकल्पावर मात्र आमांशाने फौज पोखरली. चिंचोळी जागा, मागे हटून विश्रांती घ्यायला टीचभर जमीन नाही, पाणी जहाजातून आणायचं आणि प्रेतांवरच्या माशा थेट जेवणावर. मेसोपोटेमियात तर आजारच मुख्य शत्रू होता. तेव्हा ‘खंदकातलं जीवन’ असं एकच काही नाही. बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये दोन-अडीच फूट खणलं की पाणी लागायचं, म्हणून खाली खणण्याऐवजी वाळूच्या पोत्यांची भिंत वर चढवावी लागे. फ्रान्समधल्या सॉमच्या खडूच्या जमिनीत खोल तळघरं निघत. मेसोपोटेमियात तैग्रिस नदीच्या काठच्या गाळात उन्हाळ्यात धूळ आणि पुरात चिखल.

आता पाणी. आठशे माणसांची पलटण धरा. पिण्यासाठी आणि चहासाठी माणशी अर्धा गॅलन, म्हणजे सव्वादोन लिटर, ही अगदी काटकसर झाली. त्याचे झाले 400 गॅलन. पुढच्या खंदकात पाणी नेलं जाई ते दोन गॅलनच्या पेट्रोलच्या डब्यांतून, म्हणजे 200 डबे. एक माणूस दोन डबे नेतो, म्हणजे नुसत्या पाण्याचं वजन 18 किलो. एकूण 100 खेपा झाल्या, आणि एक खेप म्हणजे वळणावळणाच्या दळणवळण-खंदकातून गुडघाभर चिखलात दीड-दोन तास. हात-तोंड धुणं, भांडी, पाय धुणं धरलं तर आकडा दुप्पट होतो. हीच माणसं त्याच रात्री शिधा, दारूगोळा, काटेरी तार आणि पोतीही वाहणार. चहाला पेट्रोलचा वास येतो ही तक्रार त्या काळच्या पत्रांतून सतत दिसते, तिचं कारण हे डबे.

‘पाणी उकळून प्यावं’ हे पुढच्या रांगेत जवळजवळ अशक्य होतं. सरपण कुठून आणायचं, आणि धूर दिसला की तोफखाना ठरलेलाच. म्हणून क्लोरीन. पद्धत साधी पण नेमकी होती. पाणी तपासायच्या हॉरॉक्स पेटीत सहा पांढरे पेले असतात, ते तपासायच्या पाण्याने भरायचे. वेगळ्या काळ्या पेल्यात एक चमचा, म्हणजे दोन ग्रॅम, ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवायची. या द्रावणाचा पहिल्या पेल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे सहापर्यंत. ढवळून अर्धा तास थांबायचं, मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचं द्रावण. ज्या पेल्यात प्रथम निळा रंग ठरतो, त्याचा जो क्रमांक तेवढे चमचे पावडर लागणार. तेवढी पावडर 110 गॅलनच्या पाणीगाड्यात टाकायची आणि पुन्हा अर्धा तास थांबायचं.

यात चुकतं कुठे? पावडरचा डबा उघडा राहिला की क्लोरीन उडून जातो, माणूस चमचे मोजतो पण नुसता चुना टाकतो. पाणी गढूळ असेल तर गाळच क्लोरीन खातो, म्हणून आधी गाळणं किंवा तुरटी. गाडा उशिरा पोचला की तो अर्धा तास हमखास वगळला जातो. आणि सगळं नीट केलं तरी वास न आवडल्यामुळे शिपाई तोफगोळ्याच्या खड्ड्यातलं पाणी पितो, ज्याच्या तळाशी काय आहे ते कुणी पाहिलेलं नसतं. म्हणून चांगला कमांडर पाण्याची चव स्वतः घेतो. क्लोरीनचा वास अजिबात येत नसेल तर प्रश्न विचारायला हवेत.

पायांकडे वळू. 1914-15च्या हिवाळ्यात ब्रिटिश फौजेत खंदकपायाचे सुमारे 20 हजार रुग्ण झाले. पुष्कळ जण याला हिमदंश समजतात, तो नव्हे. बर्फ पडायची गरज नाही. दहा अंश तापमान, ओलं मोजं आणि तासन्‌तास न हलता उभं राहणं एवढं पुरतं. थंडीने पायाच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यात बुटाची घट्ट नाडी आणि पिंढरीवर आवळलेली पट्टी रक्त आणखी अडवते. ओली पट्टी सुकताना आणखी आवळते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आधी पाय बधिर होतो. दुखत नाही म्हणून शिपाई सांगत नाही. मग बूट काढला की पाय सुजतो, लाल होतो, आगीसारखा जळतो. पुढे फोड, आणि वाईट झालं तर मांस काळं पडतं. एकदा पाय सुजला की चोळायचा नाही आणि शेकायचाही नाही. अंगाला ऊब, पाय उंच आणि उघडा, आणि माणूस स्ट्रेचरवर. चोळणं हा प्रतिबंध आहे, उपचार नाही. ही गल्लत तेव्हा झाली आणि आजही होते.

प्रतिबंधाची रीत अशी बसली. माणशी मोज्यांचे तीन जोड. रोज एकदा जोडी-जोडीने बसायचं, सगळ्यांनी एकदम बूट काढायचे नाहीत. पाय पुसायचे, कोरडे करायचे, व्हेलचं तेल लावून दोस्ताचा पाय आपण आणि आपला दोस्ताने चोळायचा. कोरडे मोजे, सैल नाडी, सैल पट्टी. ओले मोजे शिधा आणणाऱ्या टोळीबरोबर मागे जायचे, तिथे सुकवून दुसऱ्या रात्री परत यायचे. खंदकाच्या तळाशी लाकडी फळ्यांच्या जाळ्या आणि त्याखाली पाणी उपसायला खड्डा. तेलाचं कौतुक जास्त झालं असं माझं मत आहे. काम केलं ते रोज कुणीतरी पाय उघडून पाहिला याने. दोस्ताच्या जोडीमुळे बधिर पाय लपत नाही.

मग सेनेने खंदकपाय हा आजार न मानता शिस्तीचा मामला मानला. रुग्ण वाढले की पलटणीच्या कमांडरला जाब. आकडे खरंच खाली आले, पण आकड्यावरून शिक्षा होऊ लागली की आकडा लपतो, ही दुसरी बाजूही आहे. पाय सुजलेल्या माणसाला ‘मुरगळला’ म्हणून मागे पाठवायची युक्ती कुठल्याही काळातल्या हवालदाराला शिकवावी लागत नाही. शिवाय खंदकच गुडघाभर पाण्यात असेल तर मोजे बदलून दहा मिनिटांत पुन्हा ओले. तिथे एकच उपाय, पुढच्या खंदकात माणसं कमी ठेवायची आणि लवकर बदलायची. हा निर्णय सुभेदाराच्या हातात नसतो, ब्रिगेडच्या असतो.

उवांबद्दल थोडक्यात. शिवणीत लिखा असतात, त्या आठवड्याभरात फुटतात. आंघोळीची पाळी दहा-पंधरा दिवसांनी आणि कपडे नुसते धुतलेले असतील, तर अंगाच्या उबेने नवी पिढी तयारच. वाफ किंवा शिवणींवरून गरम इस्त्री, यातलं काही झालं तरच उपयोग. आणि सगळ्या तुकडीचं एकाच दिवशी व्हायला हवं, कांबळ्यांसकट. एक कांबळं राहिलं तर श्रम वाया. खंदकतापाचा जंतू उवेच्या विष्ठेतून, खाजवलेल्या कातडीवाटे शिरतो. ताप दर पाचेक दिवसांनी उलटतो, नडग्या विलक्षण दुखतात, माणूस मरत नाही पण आठवडेच्या आठवडे कामातून जातो.

संडासाचं तत्त्व सोपं आहे, अंतर महत्त्वाचं. फार जवळ असला तर माशा, फार लांब असला तर रात्री माणूस जातच नाही, वाटेतच बसतो. पुढच्या रांगेत बाजूच्या छोट्या फाट्यात बादल्या, रोज रात्री उचलून पुरायच्या, वर चुना किंवा क्लोरीनची भुकटी. हे काम करणाऱ्या माणसांना इतर कामांतून सूट द्यावीच लागते. ती दिली नाही की चौथ्या दिवशी व्यवस्था मोडते. आणि शत्रूला त्या फाट्याची वेळ कळली की पहाटे नेमका तिथेच मारा होतो, म्हणून वापराच्या वेळा बदलत ठेवायच्या.

अधिकाऱ्यांनी काय केलं, असं तुम्ही विचारता. त्यांचा दिवस मांडून पाहा. उजाडण्याआधी अर्धा तास सगळे शस्त्रं घेऊन उभे, कारण हल्ल्याची वेळ तीच. उजाडल्यावर बंदुकांची तपासणी, ब्रिटिश पलटणीत रमचा घोट, मग न्याहारी. दिवसा हालचाल बंद, आळीपाळीने झोप, पण त्याच वेळी कागद: किती हजर, किती आजारी, वारा कुठला, पोती किती हवीत. संध्याकाळी पुन्हा शस्त्रं घेऊन उभे. आणि खरं काम रात्री: तार लावणं, ढासळलेली भिंत उचलणं, गस्त, शिधा. पहारेकरी रात्री साधारण एक तास उभा, दोन तास सुटा, पण त्या सुट्या दोन तासांत कुदळ हातात. झोप मिळायची ती तुकड्यातुकड्याने, बसल्या जागी. पहाऱ्यावर झोपण्याची शिक्षा कायद्याने मृत्युदंड. असे निकाल शेकड्यांनी लागले, अंमल त्या युद्धात फक्त दोघांवर झाला, तोही मेसोपोटेमियात. म्हणजे वरिष्ठांनाही मनातून ठाऊक होतं की ही झोप बेशिस्तीची नाही. चौथ्या रात्रीनंतर सगळ्यात आधी पाय आणि पाणी पाहणं सुटतं, बंदूक पाहणं शेवटपर्यंत सुटत नाही. थकलेला माणूस दिसणाऱ्या धोक्याला धरून राहतो. म्हणून पाळी बदलणं हेच सगळ्यांत मोठं औषध. काही दिवस पुढे, काही दिवस आधाराला, काही दिवस मागे. कुतमध्ये मागे जायला जागाच नव्हती.

हिंदी, म्हणजे हिंदुस्थानी, पलटणींची एक जादा अडचण होती आणि ती इंग्रजी पुस्तकांत एका ओळीत उरकतात. साडेसातशे शिपाई आणि ब्रिटिश अधिकारी बाराच्या आसपास. त्यांना शिपायांची भाषा येत असे, कोण कुठल्या गावचा, कुणाचं कुणाशी जमत नाही, हे ठाऊक असे. 28 ऑक्टोबर 1914 रोजी फ्रान्समधल्या न्यव्ह शापेलला खडकीच्या सॅपर्स-मायनर्सच्या (खंदक-सुरुंगाचं काम करणाऱ्या सैनिकांच्या) 20 आणि 21 क्रमांकाच्या कंपन्या हल्ल्यात उतरल्या आणि एका दिवसात त्यांचे जवळजवळ सगळे ब्रिटिश अधिकारी मेले किंवा जखमी झाले. बदली अधिकारी येतो तो नकाशा वाचू शकतो, पण ‘तुझे पाय बधिर झालेत का’ हे विचारू शकत नाही. अशा वेळी पलटण चालवली ती सुभेदार-जमादारांनी, अधिकार अपुरे आणि जबाबदारी पुरी. बारीकसारीक गोष्टीही आडव्या येत. फेस्तुबेरजवळ गुरख्यांना इतके खोल खंदक मिळाले की कठड्यावरून त्यांना दिसेना. पायाखाली पायरी उंच करायची म्हणजे पुन्हा पोती आणि पुन्हा रात्र.

आता कुत. 6व्या पूना डिव्हिजनमध्ये 103वी, 110वी आणि 117वी अशा तीन मराठा पलटणी तिथे अडकल्या. डिसेंबर 1915च्या सुरुवातीपासून 29 एप्रिल 1916पर्यंत वेढा. जानेवारीत तैग्रिसला पूर आला आणि पुढचे खंदक पाण्याखाली गेले. पण माणसं मोडली ती अन्नाने. त्या काळी फ्रान्समध्ये हिंदी शिपायाला ठरलेला रोजचा शिधा पाहा: कणीक 680 ग्रॅम, डाळ 113, मांस 113, बटाटे 57, तूप 57, गूळ 28 ग्रॅम, शिवाय हळद, मिरची, आलं, लसूण. पोट भरतं, ताकदही आहे. पण ‘क’ जीवनसत्त्व जवळजवळ फक्त त्या छोट्याशा बटाट्यात. स्कर्व्ही, म्हणजे ‘क’च्या अभावाचा आजार, टाळायला रोज दहाएक मिलिग्रॅम पुरतं, आणि हा शिधा पुरा मिळाला तरी जेमतेम तिथवर पोचतो. बटाटा आणि ताजं मांस तुटलं की दोन-तीन महिन्यांत हिरड्या सुजतात, पिंढऱ्यांवर काळेनिळे डाग उठतात, जुन्या जखमा उघडतात. वेढा पाच महिन्यांचा होता.

गंमत अशी की एकाच वेढ्यात दोन फौजांना दोन वेगळे आजार झाले. गोऱ्या शिपायांना बेरीबेरी, कारण पांढऱ्या मैद्याच्या पावात ‘ब-1’ नाही. मराठ्यांना आणि इतर हिंदी शिपायांना ती झाली नाही, कोंड्यासकट कणीक त्यांना वाचवत होती. उलट गोरे शिपाई घोड्याचं ताजं मांस खात होते आणि त्यातलं थोडंसं ‘क’ त्यांना स्कर्व्हीपासून दूर ठेवत होतं. पुढे गोऱ्यांच्या पावात कणीक आणि जवाचं पीठ आलं तशी बेरीबेरी ओसरली. बहुतेक हिंदी शिपायांनी मात्र घोडा नाकारला. हिंदुस्थानातून धर्माधिकाऱ्यांच्या संमतीचे संदेश आले, हुकूम निघाले, तरी एप्रिलपर्यंत फार थोडे वळले. याला हट्ट म्हणणं सोपं आहे. पण शिपायाला भीती धर्मग्रंथाची नव्हती, गावाची होती. परत गेल्यावर पंगतीला कोण बसवणार, मुलीला स्थळ कुठून येणार. याचं उत्तर कुठल्याही जनरलच्या हुकमात नव्हतं. आणि दाणा दळायला जाती कमी पडली तेव्हा विमानातून जाती टाकली गेली, इतकी ती फौज पिठावर उभी होती.

आपल्या घरात याचा उपाय शंभरदा शिजलेला आहे. सुक्या कडधान्यात ‘क’ जवळजवळ नसतं, मोड आले की तयार होतं. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम यांनी हे युद्धाच्या उत्तरार्धात मोजून दाखवलं, आणि सेनेचा लाडका बाटलीतला कागदी लिंबाचा रस त्या मानाने फार फिका आहे हेही. कृती तुम्हाला सांगायला नको: दिवसभर भिजवायचं, ओल्या फडक्यात हवा लागेल असं दोन दिवस ठेवायचं, थंडीत आणखी एखादा दिवस, आणि दहा मिनिटांहून जास्त शिजवायचं नाही, नाहीतर मिळवलेलं बरंचसं जातं. पण शिध्यात होती ती डाळ, आणि डाळीला मोड येत नाहीत. पाखडून, भरडून, सोलून दिलेला दाणा मेलेला असतो. अख्खी मटकी किंवा मूग दिला असता तर वजन तेवढंच, खर्च तेवढाच. मेसोपोटेमियातल्या स्कर्व्हीबद्दल मला सर्वांत जास्त चुटपुट लागते ती या भरडलेल्या डाळीची.

पणजोबांच्या दातांबद्दल एक सावधगिरी. कुत पडल्यावर हजारावर आजारी-जखमी अदलाबदलीत सुटले. बाकीचे कैदी म्हणून वाळवंटातून चालत नेले गेले, हिंदी शिपायांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐनला (आजच्या सीरियात) रेल्वेच्या कामावर लावलं. स्कर्व्हीत हिरड्या सैल होऊन दात हलतात, पण चांगलं अन्न मिळालं तर काही आठवड्यांत हिरड्या सावरतात आणि बरेच दात टिकतात. म्हणून त्यांच्या नोकरीच्या कागदांत परत आल्याची तारीख आधी पाहा. 1916 सालची असेल तर ते दात कुतच्या खंदकात गेले. 1918च्या अखेरची किंवा 1919ची असेल तर वेढ्याचे पाच महिने ही नुसती सुरुवात होती, आणि दात बहुधा पुढच्या अडीच वर्षांत गेले.